ओल्या सारवणाची राखण

एका जागी शांत बसून काम करण्याची सवय आमच्या घरात एकट्या मला होती, आणि त्या घरात तिचा कोणालाच काही उपयोग नव्हता.

ऐन उमेदीची वर्षे मी पुण्याच्या एका छापखान्यात जुळारी म्हणून काढली. शिशाचे खिळे एकेक उचलायचे आणि ओळी लावायच्या. प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला असतो. हात न पाहता तिकडे जातो आणि अक्षर तिथे असतेच. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडावी, हा माझा स्वभाव तिथे घडला. पुढे नजर अधू झाली. मालकांनी गोडीने निरोप दिला आणि पन्नाशी ओलांडता ओलांडता मी मुळशीतल्या माझ्या गावी कायमचा परतलो. स्वराज्य येऊन तेव्हा दहाबारा वर्षे झाली असतील. पौडच्या रस्त्याने येणारी एस.टी. आमच्या फाट्यावर थांबू लागली होती. तिथून गाव चालत जवळच.

घर माझेच होते, पण त्यात राहायचे कसे हे मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे गणपतीला आणि दिवाळीला मी पाहुण्यासारखा येत असे. आता कायमचा आलो तेव्हा घरात पत्नी, मुलगा, सून, लग्नाची धाकटी मुलगी आणि मुलाची तीन लेकरे होती. त्यांत थोरली नात सात-आठ वर्षांची, मधला नातू पाचाचा आणि धाकटा नुकता पाय फुटलेला. या तिघांनी माझे जे स्वागत केले ते मी जन्मभर विसरणार नाही.

माझा चष्मा पायलीतल्या तांदळात सापडे. वहाणेचा एक पाय दारात आणि दुसरा गोठ्यात असे, आणि गोठ्यातला कोणत्या अवस्थेत असेल ते सांगवत नाही. दुपारी मी जरा आडवा झालो की पोटावरून बैलगाडी जाई. तिचा एक बैल मधला आणि दुसरा धाकटा. धाकटा बैल वाटेत बसून राही. थोरली नात स्वतः दंगा करीत नसे, ती प्रश्न विचारी. “आबा, तुमच्या डोक्यावरचं केस कानात कशानं गेलं?” या प्रश्नाला मी अजून उत्तर शोधतो आहे.

एकदा पत्नीपाशी मी हळूच म्हणालो, “घरात थोडी शांतता असती तर बरे झाले असते.”

ती तांदूळ पाखडीत होती. मान वर न करता म्हणाली, “शांतता लागतीया तर देवळात जाऊन बसा. तितं देव बी एकलाच असतोय.”

पत्नी, मुलगा आणि सून शेतावर राबत. घरी मुलांपाशी असे ती माझी मुलगी. गोंगाट सहन होईनासा झाला की मी पडवीतून हाक मारी, “अगं, यांना जरा आत घे.” ती त्यांना आत घेई. पडवीत मग शांतता पसरे आणि मी वर्तमानपत्राकडे वळे. आत म्हणजे कुठे, आणि आत गेल्यावर त्या गोंगाटाचे काय होते, हा विचार माझ्या मनाला शिवत नसे. आवाज येईनासा झाला म्हणजे तो संपला, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी मार्गशीर्षात भुकूमच्या एका शेतकरी घरातून मुलीला सांगून आले. आधीच्या वर्षी एक स्थळ बोलणी होऊन मोडले होते. तेव्हापासून पत्नी रोज देवापुढे दिवा लावताना जरा जास्त वेळ उभी राही. मुलगी काही बोलत नसे. पण तिच्या वयाच्या गावातल्या पोरी सासरहून सणाला माहेरी येत तेव्हा ती विहिरीवर जाण्याची वेळ बदली, इतके माझ्यासारख्यालाही दिसले होते. हे स्थळ जमावे, मोडू नये, एवढेच आम्हा सर्वांच्या मनात होते. भुकूमहून मुलाची आई आणि मामा मुलगी पाहायला यायचे होते, दुपारच्या आधी.

नेमके त्याच दिवशी खळ्यावर भात झोडायला सावडीची माणसे यायची होती. आज ते आमच्याकडे, उद्या आम्ही त्यांच्याकडे, अशी ही कामाची देवाणघेवाण; तिला नाही म्हणता येत नाही. मुलगा आणि सून पहाटेच खळ्यावर गेली. पत्नीने भल्या सकाळी पडवी आणि माजघर शेणाने सारवले. तिच्या सारवणाला गावात नाव होते. हाताच्या चार बोटांनी ती अशा एकसारख्या कमानी ओढी की छापखान्यात आम्ही पानाच्या कडेला लावायचो त्या वेलबुट्टीने लाजावे. थंडीचे दिवस, पडवीला ऊन उशिरा येई. वाळायला वेळ लागणार होता.

“आज लेकीनं पोरास्नी हात लावायचा न्हाई,” पत्नीने मला उंबऱ्याबाहेर उभे करून सांगितले. “तिचं न्हाणं, येणीफणी व्हायाची हाय. मी चुलीपाशी हाय. तुमी अंगणात बसा आन् पोरं पडवीत जाऊ देऊ नगा. येवढंच.”

“एवढेच ना?” मी म्हणालो.

ती गालात हसली. “लाखभर अक्षरं सांभाळलीत म्हणं. ही तीनच हायेत.”

मी घोंगडी पसरली, तिघांना समोर बसवले आणि गोष्ट सुरू केली. जंगलात एक म्हातारी होती, असे म्हणतो न म्हणतो तोच नात म्हणाली, “आत्या असं न्हाई सांगत. आधी म्हातारीनं काय खाल्लं त्ये सांगती.” मी म्हातारीला भाकरी दिली. मधला म्हणाला, “कशाबरूबर?” मी पिठले दिले. धाकट्याला पिठले हा शब्द कळत होता. तो उठून स्वैपाकघराकडे म्हणजे थेट पडवीकडे निघाला. त्याला उचलून आणेपर्यंत मधला आंब्याच्या खोडावर चढला होता. त्याला उतरवेपर्यंत नात म्हातारीच्या वतीने रडू लागली होती, कारण म्हातारीला मी जंगलात एकटीच सोडून आलो होतो.

गोष्ट सोडली आणि मूठभर चिंचोके काढले. मोजा, म्हणालो. थोडा वेळ खरोखरच शांतता झाली. मी डोळे मिटले असावेत. उघडले तेव्हा मधला माझ्याकडे अत्यंत गंभीरपणे पाहत होता.

“आबा, एक आत गेला.”

“कुठे आत?”

त्याने नाकाकडे बोट केले.

हाक मारावी तर सकाळीच दिलेला शब्द मोडत होता. शेवटी कनवटीची तपकिरीची डबी काढली आणि चिमूटभर तपकीर त्याच्या दुसऱ्या नाकपुडीशी धरली. वारा होता, हे माझ्या ध्यानात आले नाही. आधी मी शिंकलो, मग नात शिंकली, मग धाकटा शिंकला आणि शिंकेच्या धक्क्याने मागे बसला. मधला मात्र तोंड उघडून, डोळे मोठे करून, शिंकेची वाट पाहत राहिला. अखेर ती आली आणि चिंचोका माझ्या धोतरावर येऊन पडला. “हा माझा!” असे ओरडून त्याने तो उचलला. तो पुन्हा मूळ जागी जाऊ नये म्हणून मी त्याच्या मुठीशी झोंबत असताना नातीने शांतपणे सांगितले, “आबा, बाळ पडवीत हाय.”

तो पडवीच्या अगदी मधोमध बसला होता. आजीने ओढलेल्या कमानी दोन्ही तळहातांनी पुसून तो स्वतःच्या नव्या काढीत होता. मी धावलो. मला एवढेच दिसत होते की त्याला तिथून काढायचे आहे. त्याला उचलून मी वळलो तेव्हा थोरलीने तोंडावर हात ठेवला.

“आबा! तुमीच उमटलात!”

मी मागे पाहिले. बाळाच्या पावलांनी सारवण जेमतेम दबले होते. माझी पावले मात्र अंगठ्यापासून टाचेपर्यंत, एकामागे एक, जाताना आणि येताना, स्वच्छ छापली गेली होती. जन्मभर छापण्याचे काम केले, पण इतका ठसठशीत छाप माझ्या हातून क्वचितच उठला असेल.

पत्नी दारात आली. तिने पावले पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “पोरास्नी सांभाळायला तुमास्नी बसवलं. आता तुमास्नी सांभाळायला कुनाला बशिवू?”

माझी मुलगी ओले केस तसेच बांधून बाहेर आली. तिने पदर खोचला, पाटीतला उरलेला शेणकाला घेतला आणि बघता बघता पडवी पहिल्यासारखी केली. जाता जाता तिने दोन्ही मोठ्यांना जवळ बोलावले. “ह्ये बघा, आबा लई इकडंतिकडं करत्यात. तुमी राखणदार. आबा घोंगडीवरनं उठलं की मला हाळी द्यायची. बाळाला मी आबांनाच बांधून देती.” आणि खरोखरच माझ्या उपरण्याचे एक टोक बाळाच्या कमरेला आणि दुसरे माझ्या कमरेला बांधून ती आत गेली.

त्यानंतर मुलांनी मला हलू दिले नाही. मी पाय लांब केला तरी मधला किंचाळे, “आत्याऽ, आबा सुटलं!” बाळ उपरण्याच्या टोकापर्यंत जाई, आपटे, हसे आणि पुन्हा जाई, प्रत्येक वेळी माझ्या पाठीत कळ उठे. ऊन अंगणात सरकत पडवीपर्यंत आले. पाठ मोडली होती, डोके भणभणत होते, आणि अजून सकाळच होती. तिथे बांधलेल्या अवस्थेत माझ्या मनात आले, की मुलगी हे रोज करते. मी वर्तमानपत्र वाचत असतो तेव्हा ती आत हेच करीत असते. त्या विचाराने मला असे काही अस्वस्थ केले की पाहुणे आल्याचे मला नातीने सांगावे लागले.

मुलाची आई उंच, उन्हाने रापलेली आणि नजरेने तेज होती. मामा बुटका, बोलका गडी. सोयऱ्याला बांधलेला पाहून तो म्हणाला, “काय पाव्हणं, यंदा बैल इकलं का काय?” मी घाईने गाठ सोडू लागलो, ती सुटेना. तशाच अवस्थेत मी त्यांना रामराम केला आणि बाळाला कडेवर घेऊन, वाळलेल्या पडवीत त्यांच्यासमोर बसलो.

मुलगी चहा घेऊन आली. मधला तिच्या लुगड्याच्या काठाला लोंबकळत होता, नात मागे मागे, आणि बाळाने माझ्या कडेवरून तिच्याकडे झेप घेतली. तिने ताट खाली ठेवले, बाळ घेतले, मधल्याला डोळ्यांनी बसवले आणि कपातला चहा बशीत सांडू न देता सगळ्यांना दिला. मुलाची आई तिच्या तोंडाकडे पाहत नव्हती. ती तिच्या हातांकडे पाहत होती.

“पोरं हिच्या शब्दात हायेत,” ती समाधानाने म्हणाली. “ब्येस झालं. आमच्यात बी थोरल्या-मधल्या लेकांच्या पोरांचा निस्ता बाजार हाय. घरात पाय ठिवला की दोन अंगावं, दोन पाठीवं. हिला काय शिकवाया नगं.”

पत्नीचा चेहरा उजळला. मामा सुपारी शोधू लागला. आणि मी, घरातल्या लहानसहान गोष्टीतही ज्याचा आवाज कधी कोणाला ऐकू गेला नाही, तो मी बोललो.

“एक सांगतो, राग मानू नका. आमची मुलगी पोरांनी फार दमली आहे. पुन्हा पोरांनी भरलेल्या घरात तिला द्यावी, हे माझ्या मनाला येत नाही.”

मामाचा हात खिशातच राहिला. मुलाच्या आईने बशी हळूच खाली ठेवली.

“बरं,” ती म्हणाली. “बापाचं मन हाय. त्याच्याम्होरं आमी काय बोलावं?”

ती दोघे उठली. भांडण नाही, शब्दाला शब्द नाही. आपली मुलगी गुणाची आहे, कुठेही सुखात नांदेल, असे पत्नीला सांगून दोघे फाट्याकडे निघाली.

पत्नीने मला टोमणा मारला नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि तिने पदराने डोळे टिपले. मला वाईट वाटले, पण खोटे कशाला सांगू, त्या वाईट वाटण्याखाली थोडा अभिमानही होता. इतक्या वर्षांनी का होईना, मुलीच्या बाजूने मी उभा राहिलो, असे मला वाटत होते. तिने माझ्याकडे कृतज्ञतेने पाहावे, अशीही माझी इच्छा असावी.

मुलगी रिकाम्या कपांचे ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. 

“दादा, मी दमलीया म्हणून तुमास्नी कुनी सांगितलं?”

“अगं, सांगायला कशाला हवे? आज मी स्वतः पाहिले. एका सकाळीत माझी ही गत झाली—”

“दमलात तुमी,” ती म्हणाली. “सकाळभर पोरं धरली तर तुमी दमलात. आन् तुमच्या दमण्यापायी माजं स्थळ मोडलं?”

मी मान खाली घालून उपरण्याची गाठ चाचपू लागलो.

“त्या घरात पोरं लई हायेत, ठावं हाय मला. पर बाया किती हायेत त्ये इचारलंत? सासू हाय, दोन जावा हायेत, मी चवथी. पोरं चौघींत वाटून. हितं मी एकली हाय, दादा. आजवर यांना आत घे, आत घे म्हणत व्हतात. आज भाईर बोलावून बोललात, त्ये बी मला न इचारता.”

तिने ताट जोराने खाली ठेवले. एक कप कलंडला. बाळ रडू लागले आणि त्या रडण्यात तीही रडली.

मी जन्मभर हळू बोललो, कोणावर ओरडलो नाही, म्हणून मी स्वतःला सौम्य समजत आलो होतो. हळू आवाजातही माणूस दुसऱ्याच्या आयुष्यावर आपला हुकूम चालवू शकतो, हे मला त्या क्षणी कळले; आणि कळून थांबायलाही वेळ नव्हता, कारण गाडीची वेळ झाली होती.

“मी जातो,” मी म्हणालो. “जाऊन सांगू? तुला हे घर हवे आहे, असे सांगू?”

तिने नाक पुसले. “सांगा. पर माजं म्हणून सांगा. तुमचं काय घालू नगा त्यात.”

मी निघालो. उपरण्याची गाठ अजून सुटली नव्हती, तेव्हा बाळही निघाले. त्याला कडेवर घेऊन मी वहाणा शोधल्या. एक मिळाली, ती टाकून अनवाणीच पळालो. मागून मधला ओरडला, “आबा सुटलं!” आणि तोही पळत सुटला. त्याच्यामागे त्याला धरायला नात. भाताच्या कापल्या खाचरांतून, बांधांवरून, धापा टाकत आमची ही वरात चालली होती. खळ्यावरची सावडीची माणसे झोडणी थांबवून पाहत राहिली. कोणीतरी ओरडून विचारले, “कोन गेलं वो?” मी हातानेच कोणी नाही, कोणी नाही असे केले. बाळ माझ्या कानातले केस धरून बसले होते. रस्त्यावर लांब धूळ दिसू लागली होती.

फाट्यावरच्या जांभळीखाली ती दोघे गाठोड्यावर बसली होती. मामाने आमच्याकडे पाहून टोपी मागे सारली. “काय पाव्हणं, पोरगी देत न्हाई म्हणालात आन् पोरं द्यायला आलात व्हय?”

मला बोलवेना. श्वास लागला होता. मुलाच्या आईने बाळ माझ्याकडून घेतले, तेव्हा तिला कळले की बाळाबरोबर मीही ओढला जातो आहे. तिने दातांनी ती गाठ सोडवली. इतका वेळ माझ्याने सुटली नव्हती.

“बसा,” ती म्हणाली. “आन् बोला.”

“मघाशी मी बोललो ते माझे होते,” मी म्हणालो. “मुलीचे नव्हते. तिला विचारले नव्हते.”

“आन् आता इचारलं?”

“आता तिने सांगितले.”

“काय म्हणाली?”

मी जे ऐकले होते ते शब्दाला शब्द सांगितले. सासू, दोन जावा आणि चौथी ती. पोरे चौघींत वाटून. माझे काही घातले नाही. छापखान्यातल्यासारखे, समोर होते तेवढेच जुळवले.

ती ऐकत राहिली. “रागावली का?”

“फार.”

“कुनावर?”

“माझ्यावर.”

“पोरांवर न्हाई?”

“नाही. पोरांवर नाही.”

तिने मामाकडे पाहिले. मामाने खांदे उडवले, पण त्याचा हात पुन्हा सुपारीच्या खिशाकडे गेला होता. एवढ्यात गाडी येऊन थांबली. धुळीतून कंडक्टर ओरडला, “चला, चढा लवकर!”

“न्हाई यायचं आमाला,” मुलाची आई म्हणाली. “मागल्या गाडीनं येतो.”

घंटी वाजली. नात किंचाळली, “आबा, आपला त्यात हाय!”

मधला खिडकीशी बसला होता. आम्ही बोलत असताना तो चढला होता आणि आता पुण्याला जायच्या तयारीने सगळ्यांना हात करीत होता. मी हालेपर्यंत मुलाची आई बाळासकट पायरीवर चढली आणि त्याला बगलेत मारून खाली उतरली. तो लाथा झाडीत होता. तिच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. हे काम तिच्या अंगवळणी पडलेले दिसत होते. गाडी गेली.

ती दोन्ही मुलांना घेऊन आमच्या घराच्या वाटेला लागलीसुद्धा. मी तिच्या मागे चालत होतो. आमच्या भागात पसंती ठरल्याखेरीज मुलाकडचे लोक मुलीच्या घरी चहापलीकडे अन्नाला हात लावत नाहीत. हे तिला ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते. बांधावर ती थांबली आणि वळली.

“सकाळधरनं पोटात अन्न न्हाई आमच्या,” ती म्हणाली. “आता तरी जेवायला थांबा म्हणा की, इवाई. का त्ये बी पोरीलाच इचारून सांगता?”

“विचारून सांगतो,” मी म्हणालो आणि तिच्या पुढे होऊन घराकडे पळू लागलो.